मदत हवी आहे: नवीन बॅटरी पहिल्यांदा सलग आठ तास चार्ज करावीच लागते का?

नमस्कार मंडळी,

आमच्या आप्पांच्या फोनची बॅटरी फुगली होती. मागचं झाकण इतकं उचललेलं की फटीत नख जायचं, टेबलावर ठेवला की फोन डुलायचा. आज सकाळी राजारामपुरीत नवीन बॅटरी घालून घेतली. दुकानदार म्हणाले, "फोन बंद करून सलग आठ तास लावा, मध्ये काढू नका, नाहीतर बॅटरी बसेल." घरी आल्यावर चुलतभाऊ म्हणतो, आधी शून्यावर आण, फोन बंद पडू दे, मग फुल कर. दोघंही ठामपणे सांगतात.

आत्ता ५३ टक्के आहे. आप्पा संध्याकाळी साडेसहाच्या गाडीनं रंकाळा स्टँडवरून गावी निघणार, आठ तास कुठून आणू? या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे. उसाला पाणी पाजायला रात्री बाराला एकटेच मोटर चालू करायला जातात. बांधावर उजेडाला तोच फोन आणि हाक मारायलाही तोच. मागच्या महिन्यात ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडला, तर पहाटेपर्यंत आईच्या डोळ्याला डोळा नव्हता. म्हणून यावेळी चूक करायची नाही.

जुनी बॅटरी आप्पांनी पिशवीत घालून ठेवलीय, अडीनडीला लागेल म्हणून.

प्रतिसाद:
ताई, आधी ती जुनी बॅटरी पिशवीतून काढा. फुगली म्हणजे आत गॅस झालाय. एसटीच्या गर्दीत दाबली गेली किंवा काही टोचलं तर पेट घेऊ शकते. चार्जिंगला लावू नका, घंटागाडीतही टाकू नका. जिथं बदलली त्याच दुकानात परत द्या.

आता नवीनचं. आठ तासांचा नियम निकेल बॅटऱ्यांच्या काळातला. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० मध्येही सहसा निकेलची बॅटरी यायची, आणि पहिल्यांदा भरपूर वेळ लावायची सवय त्या काळातली. आता स्मार्टफोनला लिथियम-आयन असते, जी सोनीनं १९९१ मध्ये बाजारात आणली. तिचं पहिलं चार्जिंग कारखान्यातच सावकाश, मोजूनमापून झालेलं असतं आणि साधारण निम्मी भरून पाठवतात. तुमचे ५३ त्यामुळेच. पूर्ण भरली की फोन स्वतःच चार्जिंग थांबवतो, म्हणजे आठ तास लावून जास्तीचं काही आत जात नाही. शून्यावर तर मुद्दाम आणूच नका, लिथियमला ते मानवत नाही.

दुपारी लावा, साडेसहाच्या आत भरेल. ८० च्या पुढं हळू जाईल, घाबरू नका. सेल ४.२ व्होल्टच्या आसपास पोचला की करंट कमी होत जातो, तसंच असायला हवं. कव्हर काढून लावा, गादीवर किंवा उन्हात ठेवू नका. बॅटरी खराब होते ती उष्णतेनं.

प्रतिसाद:
वरचं सगळं बरोबर. एक भर घालतो, मी रिपेअरिंग करतो. बॅटरी बदलल्यावर पहिले काही दिवस टक्के चुकीचे दिसू शकतात, कारण फोनला नव्या बॅटरीचा अंदाज यायला वेळ लागतो. आप्पांना सांगा, या आठवड्यात ३०-४० च्या खाली गेला की लावायचा. नंतर एखाद्या दिवशी, घरी असताना, दहापर्यंत उतरवून एकदा फुल करा, आकडा जागेवर येईल. आणि रात्रीच्या पाळीला वेगळी हातबॅटरी द्याच. उजेड आणि फोन दोन्ही एकाच यंत्रावर ठेवू नका.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार. जुनी बॅटरी लगेच दुकानात देऊन आले. फोन अडीचला लावला, पावणेपाचला १००, हाताला जेमतेम कोमट लागला. पिशवीत हातबॅटरी घातलीय.

रात्री १२:४०: आप्पांचा फोन आला. मोटर सुरू झाली, पाणी सरीला लागलं, ७१ टक्के आहे. आईलाही कळवलंय.