फार्व्हला नाटकी म्हणणाऱ्यांसाठी

मॅडिसनकर
अमेरिकन फुटबॉलमधल्या पॅकर्स संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून खेळ चालवणारा खेळाडू, आधी फार्व्ह होता, त्याच्यानंतर रॉजर्स. काल रॉजर्सच्या धाग्यावर जांभळी मिरची यांनी जाता जाता पिंक टाकली: "दर उन्हाळ्यात जातो-जातो करत सगळ्यांना टांगून ठेवायची कला फार्व्हची, रॉजर्स नुसता शिष्य." तिथे उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता, म्हणून इथे.

फार्व्हला निवृत्तीचं विचारायचे कधी? फेब्रुवारी-मार्चमध्ये. १९९२ च्या सप्टेंबरपासून एकही सामना न चुकवलेला माणूस. २००८ च्या जानेवारीत लॅम्बोवर, म्हणजे पॅकर्सच्या घरच्या मैदानावर, हाडं गोठवणाऱ्या थंडीत जायंट्सविरुद्ध ओव्हरटाइम खेळला आणि शेवटचा पास जायंट्सच्या वेबस्टरच्या हातात गेला. असं ठेचून निघालेलं अंग मार्चमध्ये 'बास' म्हणणारच. तो रडत रडत म्हणालाही. जुलैत मोसमाआधीच्या सराव कॅम्पची चाहूल लागली, अंग भरून आलं, मन फिरलं. यात ढोंग काय आहे? संघाला उत्तर मार्चमध्येच लागतं, कारण तेव्हा फ्री एजन्सी (करार संपलेले खेळाडू घेणं) आणि एप्रिलमध्ये ड्राफ्ट (नवे खेळाडू निवडणं). मग पॅकर्सनी काय करावं? त्याच्यापुढे मार्केटिंगचा करार ठेवला. म्हणजे पैसे घे आणि घरी बस! आदल्याच मोसमात १३-३ (१३ विजय, ३ पराभव) करून दिलेल्या माणसाला!

जांभळी मिरची
पिंक माझीच, आणि ती पुसणार नाही. मार्चमध्ये थकवा आणि ऑगस्टमध्ये उत्साह, फारच सोयीचं कॅलेंडर आहे हो. जेट्सकडे एक मोसम काढून पुन्हा निवृत्त झाला, २००९ मध्ये जुलैअखेर वायकिंग्जना 'नाही येत' सांगितलं आणि वायकिंग्जचा मॅन्केटोचा कॅम्प आटोपल्यावर १८ ऑगस्टला साहेब उगवले. आमचे क्वार्टरबॅक जॅक्सन आणि रोझनफेल्स कॅम्पभर एकमेकांशी झुंजले, शेवटी दोघंही बाकावर. मी वायकिंग्जवाली आहे. तो मोसम आमच्याच पदरात पडला, तरी सांगते.

वसईवाला
तो मोसम म्हणजे चाळिशीत ३३ टचडाउन पास, ७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेलेले पास), १२-४. वर लॅम्बोवर जाऊन, शिव्या खात, ३८-२६. एवढं अंगात शिल्लक असलेल्याने मार्चमध्येच गाशा गुंडाळायला हवा होता का?

जांभळी मिरची
आणि शेवट? सेंट्सविरुद्ध २८-२८, आपण फील्ड गोलच्या (किक मारून तीन गुण) उंबरठ्यावर, पळून काही यार्ड मिळत होते. गड्याने उजवीकडे पळता पळता अंगावरून आडवा पास फेकला. सेंट्सच्या पोर्टरच्या हातात! ओव्हरटाइममध्ये ३१-२८. त्या रात्री आमच्याकडे पाहुण्यांसाठी केलेली पावभाजी तशीच्या तशी राहिली. जायंट्स काय, सेंट्स काय, घात करणारा पास त्याचाच.

वसईवाला
घोटा सुजला होता त्याचा. सेंट्सच्या बाउंटीचं, म्हणजे विरोधी खेळाडूंना जखमी करण्याबद्दल बक्षिसाचं, प्रकरण २०१२ मध्ये बाहेर आलं, तेव्हा तुम्ही पावभाजी करत असाल.

जांभळी मिरची
बाउंटीने घोटा दुखतो, अक्कल नाही. आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊ नका.

खडूस
मागे ताटकळणाऱ्याबद्दल कोणी बोलायचं? रॉजर्स २००५ मध्ये ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत आला आणि तीन वर्षं बाकावर बसला. त्याला तयार करणं माझं काम नाही, अशा अर्थाचं फार्व्ह बोललाही होता. आमच्या ऑफिसात असेच एक साहेब आहेत. दोनदा निरोपसमारंभ झाला, दोनदा मी वर्गणी दिली, दोन्ही वेळा कन्सल्टंट होऊन त्याच केबिनमध्ये परत. बढतीचं विचारलं की 'पुढच्या क्वार्टरला बघू'. फार्व्हबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

फळा_खडू
वेळेवर जा म्हणणं सोपं असतं. मला ५८ पूर्ण झाल्यावर घरी पाठवलं. दहावीचं गणित शिकवायची धमक आजही आहे. केंद्रातल्यांना ६०, आम्हाला ५८, का? फार्व्हला निदान स्वतःचं स्वतः ठरवता तरी आलं.

एमपीएससी_अजूनही
सर, तुमची दोन वर्षं वाढली की आमची दोन वर्षं जातात. वयोमर्यादा आमच्यासाठी थांबत नाही. सगळ्या संघटनांना ६० हवेत, पण खोली करून पुण्यात बसलेल्या पोरांचं कोण बघणार?

फळा_खडू
बाळा, खुर्ची रिकामी झाली की भरती होते हे तुला कोणी सांगितलं? माझी जागा अजून रिकामीच आहे. चित्रकलेचे सर गणित घेतात.

एमपीएससी_अजूनही
म्हणजे तुम्ही जाऊनही उपयोग नाही आणि राहूनही नाही. वा! तरी ६० ला विरोध कायम.

खडूस
साहेब गेले तरी आपला नंबर नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला? रविवार खराब केलात.

मॅडिसनकर
धागा फार्व्हचा आहे, मंत्रालयाचा नव्हे. खडूस, बाकावरच्या वर्षांनी रॉजर्सचं काय बिघडलं? पहिल्या मोसमात ६-१० झाले, ठीक. २०११ च्या फेब्रुवारीत सुपर बोल जिंकलाच ना? पुढे २०२० मध्ये पॅकर्सनी क्वार्टरबॅक लव्हला निवडलं, तोही तीन वर्षं बसला. मग रॉजर्स फार्व्हच्याच वाटेने जेट्सकडे गेला आणि चौथ्याच चालीला अकिलीसची शीर (टाचेवरची) तुटली.

खडूस
त्याला निदान केबिन मिळाली.

जांभळी मिरची
२०१० सगळे सोयीस्कर विसरलात. परत आला, आणि त्या मोसमात ११ टचडाउन, १९ इंटरसेप्शन. डिसेंबरमध्ये सलग २९७ सामन्यांची मालिका तुटली. तिथे तरी थांबावं? पुढच्याच आठवड्यात पुन्हा उतरला, बेअर्सनी गोठलेल्या मैदानावर आपटला, डोक्याला मार, खेळ खलास. २०२४ मध्ये त्याने काँग्रेसच्या समितीसमोर पार्किन्सन्स झाल्याचं सांगितलं. याच्यामुळे ते झालं असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण 'अंगात शिल्लक होतं' म्हणणाऱ्यांनी ते अंग कोणाचं होतं याचाही विचार करावा.

वसईवाला
पार्किन्सन्सवर वाद घालणार नाही. पण त्या ऑगस्टमध्ये त्याला आणायला विमानाने मिसिसिपीला गेलेले तिघे कोणाचे होते?

जांभळी मिरची
आमचेच. ॲलन, हचिन्सन, लाँगवेल. घ्या, हा मुद्दा तुमचा, फ्रेम करून भिंतीवर लावा. पण कारकिर्दीतल्या ३३६ इंटरसेप्शनपैकी २८६ पॅकर्सच्या जर्सीतली आहेत, ती तुमच्या खात्यावर.

मॅडिसनकर
घेतली. त्याच जर्सीतले ४४२ टचडाउनही सोबत पाठवा.