स्क्विडच्या फ्लक्स-लॉक लूपमध्ये तिसरा हार्मोनिक –५८ डेसिबलच्या खाली जात नाही

पाषाण_७७ (प्रश्न)

वायबीसीओचा (द्रव नायट्रोजनच्या तापमानाला चालणारा अतिवाहक) डीसी स्क्विड, म्हणजे सूक्ष्म चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर, द्रव नायट्रोजनमध्ये, थेट रीडआउट, म्हणजे फ्लक्स मॉड्युलेशन नाही. संवेदनशीलता ८ नॅनोटेस्ला प्रति फ्लक्स क्वांटम (स्क्विडचा व्होल्टेज दर एवढ्या फ्लक्सला पुन्हा तसाच येतो). लूपची, म्हणजे उलट फ्लक्स देऊन स्क्विडला एकाच बिंदूवर धरणाऱ्या फीडबॅकची, युनिटी-गेन बँडविड्थ ५०० किलोहर्ट्झ, इंटिग्रेटर एकपोली. ड्यूअरच्या (नायट्रोजनच्या थर्मासच्या) बाहेरून गुंडाळलेल्या कॉइलमधून ५ क्वांटम अँप्लिट्यूडची साइन देतो. ड्यूअर, कॉइल सगळं म्यू-मेटलच्या (बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या मिश्रधातूच्या) डब्यात आहे.

तिसरा हार्मोनिक (सिग्नलच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीला उगवणारी विकृती) मूळ सिग्नलच्या तुलनेत १ किलोहर्ट्झला –५८ डेसिबल, १० किलोहर्ट्झला –५७. –९० तरी हवा. बायस बदलून पाहिला, फरक नाही. लूप सोडून बाय-स्क्विडकडे (ज्याचा व्होल्टेज-फ्लक्स वक्र मुळातच सरळ असतो त्या स्क्विडकडे) वळावं का?

लूपवाला

आधी हिशोब करा, कारण तुमच्या दोन आकड्यांतच निम्मं उत्तर आहे.

स्क्विडचा व्होल्टेज-फ्लक्स वक्र साइनसारखा धरला तर लूप चालू असताना स्क्विडला दिसतो तो फक्त उरलेला एरर फ्लक्स. तो साधारण सिग्नल गुणिले (फ्रिक्वेन्सी भागिले बँडविड्थ) इतका असतो. साइनमधल्या घनपदामुळे त्यातून तिसरा हार्मोनिक तयार होतो आणि मूळ सिग्नलच्या तुलनेत तो असा येतो: १.६ × (क्वांटममधली अँप्लिट्यूड)चा वर्ग × (फ्रिक्वेन्सी ÷ बँडविड्थ)चा घन.

तुमचे आकडे घालून बघा. १० किलोहर्ट्झला एरर ०.१ क्वांटम, तिसरा हार्मोनिक –७० डेसिबल. १ किलोहर्ट्झला –१३०. दहापट फ्रिक्वेन्सीला ६० डेसिबलचा फरक पडायला हवा, तुमच्याकडे एकच डेसिबल पडतोय. म्हणजे हा दोष स्क्विडचा नाही, लूपचाही नाही. लूपच्या बाहेरचं काहीतरी वाकडं आहे. बाय-स्क्विड लावलात तरी –५८ तसाच राहील.

दुसरी गोष्ट, १० किलोहर्ट्झला ५ क्वांटम म्हणजे सेकंदाला सुमारे ३.१ लाख क्वांटमचा वेग. तुमच्या लूपची मर्यादा सुमारे ५ लाख, म्हणजे २० किलोहर्ट्झला लॉक सुटणारच. तिथे –९० हवा असेल तर बँडविड्थ वाढवावीच लागेल. लूपमधल्या एकूण विलंबाने ०.०८ ला भागलं की सुरक्षित कमाल बँडविड्थ मिळते. १० नॅनोसेकंद विलंब असेल तर ८ मेगाहर्ट्झ. प्रीअँप ड्यूअरच्या डोक्यावरच बसवा, वायरी आखूड ठेवा. फक्त १ किलोहर्ट्झच्या आसपास काम असेल तर दोन इंटिग्रेटरचा लूप करा, खालच्या फ्रिक्वेन्सीला गेन भरपूर वाढतो.

शून्य_क्षेत्र

लूपवाला यांचा हिशोब बरोबर आहे. आता दोषी कोण ते शोधायची सोपी चाचणी सांगतो. जनरेटरची सेटिंग न बदलता, मध्ये रेझिस्टरचा अटेन्युएटर घालून सिग्नल निम्मा करा आणि तिसऱ्या हार्मोनिकचं मूळ सिग्नलशी प्रमाण पुन्हा मोजा.

अजिबात बदललं नाही तर जनरेटरचाच हार्मोनिक आहे. साध्या फंक्शन जनरेटरची साइन –६० च्या आसपासच असते, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर. १२ डेसिबलने घटलं तर घनपद, म्हणजे स्क्विड किंवा एखादा ऑपअँप. ६ डेसिबलने घटलं तर म्यू-मेटल. लहान क्षेत्रात लोहचुंबकीय पदार्थाचा हिस्टेरेसिस (क्षेत्र बदललं तरी चुंबकत्व मागे रेंगाळणं) क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून सिग्नल निम्मा केला की प्रमाणही निम्मंच होतं.

जनरेटरला पूर्ण बाजूला काढायचं तर दोन टोन वापरा: ९०० आणि १००० हर्ट्झ, दोन वेगळ्या जनरेटरमधून, प्रत्येकी १० किलोओहममधून एकाच कॉइलला. ८०० आणि ११०० ला काय दिसतं ते बघा. तिथे जनरेटरचे स्वतःचे हार्मोनिक येत नाहीत, जे दिसेल ते तुमच्या मांडणीचं.

फुकटात मिळणारी एक खूण: १ किलोहर्ट्झच्या दोन्ही बाजूंना ५० हर्ट्झवर रेषा दिसल्या तर वर्गपद आहे, म्हणजे लॉक बिंदू वक्राच्या मधोमध नाही. ऑफसेट सरकवून त्या बुडवा. मॉड्युलेशन नसल्यामुळे हे तुम्हाला हातानेच करावं लागेल. आणि हे पुण्यातच जुळवा, डेटाशीटच्या आकड्यांवर जाऊ नका. इथे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर नायट्रोजन ७७.४ ऐवजी सुमारे ७६.८ केल्विनला उकळतो आणि क्रिटिकल करंट (स्क्विडमधून रोधाशिवाय वाहू शकणारा कमाल करंट) थोडा वर येतो.

जोड_जंक्शन

बाय-स्क्विडबद्दल. कोर्नेव आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली ती रचना सुंदर आहे: साध्या डीसी स्क्विडच्या अतिवाहक कड्यात दोन जंक्शन (अतिवाहकातले कमकुवत सांधे) असतात, इथे कड्याच्या इंडक्टन्सला समांतर तिसरं, त्याचा नॉनलिनिअर इंडक्टन्स साइनचा बाक सरळ करतो आणि वक्र त्रिकोणी होतो. पण जंक्शनचे क्रिटिकल करंट एकमेकांशी नीट जुळावे लागतात आणि वायबीसीओत ते दहा-वीस टक्क्यांनी सहज इकडेतिकडे होतात. शिवाय सरळ भाग एका क्वांटमच्या आतलाच. तुमचा सिग्नल ५ क्वांटमचा. जिथे फीडबॅक पोचूच शकत नाही अशा मेगाहर्ट्झच्या सिग्नलसाठी बाय-स्क्विडचा अ‍ॅरे घ्यावा. इथे लूपच योग्य.

पाषाण_७७

सगळ्यांचे आभार. निम्म्या सिग्नलला प्रमाण –५८ वरून –६४ झालं. ८०० आणि ११०० लाही रेषा आहेत. ५० हर्ट्झच्या बाजूच्या रेषा ऑफसेटने गेल्या.

शून्य_क्षेत्र

मग म्यू-मेटलच. डीगॉस करून हे जाणार नाही. त्याने उरलेलं चुंबकत्व कमी होतं, हिस्टेरेसिसचा गुणधर्म तोच राहतो. तुमची मोठी कॉइल भिंतीला क्षेत्र देते आणि भिंत ते वाकडं करून सेन्सरकडे परत पाठवते.

कॉइल लहान करा आणि ड्यूअरच्या आत, सेन्सरखाली घ्या. २० मिलिमीटर व्यास, १० वेढे, सेन्सरपासून अक्षावर १५ मिलिमीटर: सुमारे ०.११ नॅनोटेस्ला प्रति मायक्रोअँपिअर मिळतं, तुमच्या ४० नॅनोटेस्लाला ३७० मायक्रोअँपिअर पुरतात. लहान कॉइलचं क्षेत्र अंतराच्या घनाने उतरतं, त्यामुळे भिंतीपर्यंत फारसं काही पोचत नाही. साचा ग्लास-इपॉक्सीचा, स्क्रू नायलॉनचे.

एनॅमल्ड तांब्याची तार पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, मिळेल. तिथून रेझिस्टर घेणार असाल तर खिशात लोहचुंबक ठेवा: स्वस्त रेझिस्टरचे पाय तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असतात आणि चुंबकाला टचकन चिकटतात. असा एकही सेन्सरजवळ नको. निकेलचा मुलामा असलेले बीएनसी कनेक्टरसुद्धा वर, डब्याबाहेर ठेवा.