त्रिपुराचे दिवे, हातात कॅमेरा, आणि सगळे फोटो वाया

खाडीपलीकडचा (गुहागर)

नमस्कार मंडळी. आमचं गाव खाडीकाठी. देवळासमोर जांभ्याची दीपमाळ आहे. त्रिपुरारी पौर्णिमेला तिच्यावर, पायऱ्यांवर आणि तळीच्या चारी बाजूंनी पणत्या लागतात. गेल्या वर्षी, १५ नोव्हेंबरला, नुकताच जुना घेतलेला निकॉन डी५३०० आणि १८-५५ एमएमची किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती) घेऊन गेलो. ट्रायपॉडही नेला होता. पाच मिनिटांत त्याचा एक पाय आत्याच्या रांगोळीत गेला. गुरवांनी काही न बोलता हातानेच ‘ते तिकडे’ अशी खूण केली. त्यांचंही बरोबर होतं, तिथे माणसाला उभं राहायला जागा नसते.

मग हातात धरूनच काढले. २४० फोटो, त्यातला धड एकही नाही. पणत्या म्हणजे पांढरे ठिपके, आकाश मळकं तपकिरी. जिथे उजेड बरा आला तिथे सगळं हललेलं. हलू नये म्हणून शटर १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) केलं, तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, १२८००वर गेला आणि सभामंडपातल्या एलईडी माळांच्या फोटोत आडवे काळे पट्टे आले.

यंदा (२०२५) ५ नोव्हेंबरला त्रिपुरारी आहे. मुंबईच्या काकांनी घरच्या ग्रुपवर ‘या वेळी तरी टाक’ असं लिहून ठेवलंय. ट्रायपॉड नेणार नाही. बाकी काय करू?

बंदरावरचो (मालवण)

मोबाइल काढ, नाइट मोड लाव नि देवाक हात जोड. कॅमेरो कित्याक होयो?

खाडीपलीकडचा

तेही करून झालंय. दीपमाळ छान येते, पण नाइट मोड बरेच फोटो एकावर एक रचतो, त्यामुळे तेल घालत फिरणारी माणसं अर्धी पुसली जातात. मला माणसंच हवी आहेत.

जुना रोल (चिपळूण)

माझा स्टुडिओ होता तेव्हा ४०० एएसएचा (आताचा आयएसओ ४००) रोल म्हणजे चैन. छत्तीस फोटो, त्यातच अर्धं लग्न उरकायचं. तुझे २४० वाचून मला घाम फुटला.

सुरुवात कधी केलीस ते लिहिलं नाहीस. पण आकाश तपकिरी म्हणतोस, म्हणजे आठ तरी वाजले असणार. नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटं आभाळ निळं असतं, आणि त्याचा उजेड उतरत उतरत पणत्यांच्या उजेडाशी येऊन भिडतो. तेवढ्याच वेळात दोन्ही एका फोटोत मावतात. आपल्याकडची तिन्हीसांज रेंगाळत नाही, साडेसहाला खेळ खलास. तेव्हा गुरवांना आधी जाऊन विचार, पहिली पणती कधी लावणार. नुसतं विचारू नकोस, वाती भिजवायला बस. ट्रायपॉडचं पापही धुऊन निघेल.

आता पांढरे ठिपके. कॅमेऱ्याला समोर काळोख दिसला की तो काळोखच उजळायला बघतो, आणि त्यात पणत्या बिचाऱ्या करपतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) वजा एक ठेव, गरज पडली तर वजा दीड. मागच्या स्क्रीनवर विश्वास नको. अंधारात ती नेहमीच उजळ दिसते, म्हणून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-काळोखाचा आलेख) बघायची सवय लाव. ज्योतीचा मधला भाग थोडा जाणारच, पण भोवतीचा पिवळा टिकला पाहिजे. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ, जांभ्याचा काळोख नंतर थोडा वर उचलता येतो. गेलेली ज्योत परत येत नाही. व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) ऑटोवर सोडू नकोस, बल्बचं चिन्ह लावून बघ. आभाळ गर्द निळं होतं, आणि ज्योत बल्बपेक्षाही तांबडी असल्यामुळे पिवळीच राहते.

हलण्याबद्दल. १/५०० कुणी सांगितलं तुला? लेन्सच्या एमएमला दीडने गुणायचं (तुझा सेन्सर लहान आहे म्हणून) आणि तेवढ्यावा भाग सेकंद. १८वर म्हणजे १/३० पुरे. लेन्समध्ये व्हीआर (थरथर सावरायची सोय) असेल तर दगडी दीपमाळ १/१५लाही निघेल. पण व्हीआर तुझा हात सावरतो, आत्याचा नाही. माणसांना १/६० तरी हवं. कोपरं बरगड्यांना टेकव, कॅमेरा कपाळाला दाबून धर, श्वास सोडून संपत आला की बटण दाब. एक नाही, लागोपाठ चार. पहिला बोटाच्या धक्क्याने हलतो, दुसरा-तिसरा सापडतो. आणि गडगा, खांब, तुळशीवृंदावन जे मिळेल त्याला टेकायचं. कोकणात टेकायला जागा नाही अशी तक्रार मी ऐकून घेणार नाही.

थोडे पैसे असतील तर ३५ एमएम १.८ लेन्स घे (हा आकडा लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं). पस्तीसवर तुझी किट लेन्स ४.५च उघडते. १.८ म्हणजे सहापट उजेड, आयएसओ १२८००चा २०००वर येतो. जुनी ५० एमएम एएफ-डी (फोकसला बॉडीतली मोटर लागणारी) लेन्स कुणी स्वस्तात गळ्यात मारायला आलं तर घेऊ नकोस. तुझ्या बॉडीत फोकसची मोटर नाही, अंधारात हाताने फोकस करत बसशील.

लेन्सपुढे यूव्ही फिल्टर असेल तर तो काढून खिशात टाक. पणत्यांची उलटी हिरवट भुतं येतात ती बहुतेक त्याच्यामुळेच.

पौर्णिमा आहे, म्हणजे चंद्र सूर्यास्ताच्या आसपासच उगवणार. क्षितिजाजवळ तांबूस आणि मंद असतो तोवर तो दिव्यांसोबत मावतो. वर चढला की मावत नाही. तुमच्या पूर्वेला डोंगर केवढा आहे ते तूच बघ.

तिसरी फेज (देवरुख)

मला फोटोतलं कळत नाही, मी वायरमन. पण पट्ट्यांचं सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. साध्या पिवळ्या बल्बची तार तापलेली राहते, म्हणून कळत नाही. एलईडी तापून राहत नाही, करंट गेला की विझते. स्वस्त माळांमध्ये तर अर्धीच लाट वापरतात, त्या ५० वेळा लागतात आणि तितक्याच वेळा विझतात. तू १/५००ने त्यातला तुकडा पकडतोस. शटर १/५० ठेव, एक आख्खी लाट आत येईल. माळेवरच्या डबीचं बटण ‘चालू-बंद’वरून ‘कायम’वर टाकायला सांग. मंडपातल्या माळा कुणी जोडल्या असतील त्याला एक चहा पाज, तो करेल.

जुना रोल

हे झकास सांगितलंत. वर मी १/६० लिहिलंय ते पणत्यांपाशी. मंडपात १/५०.

रेवस रोड (अलिबाग)

माझी एकच भर. गाडीत एसी लावून जाऊ नकोस. थंड लेन्स आपल्या दमट हवेत काढली की वाफ धरते आणि ती निळी वीस मिनिटं काच पुसण्यात जातात. माझी गेली आहेत. उशीर झालाच तर कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून हळूहळू बाहेरच्या हवेवर येऊ दे. आणि फोकस ज्योतीच्या मध्यावर लावू नकोस, पणतीच्या काठावर लाव, लगेच पकडतो. फोकससाठी कॅमेऱ्याचा पुढचा दिवा पेटतो तो मेनूत जाऊन बंद कर. बायका पणती लावत असताना तोंडावर तो उजेड पडला की शिव्या पडतात.

खाडीपलीकडचा (६ नोव्हेंबर)

आलो. पाच वाजता गेलो, वाती भिजवल्या, हाताला अजून तेलाचा वास आहे. गुरवांनी स्वतः विचारलं, ‘तिकाटणं नाही आणलंस?’

लेन्स घेतली नाही, किटवरच भागवलं. सहा वाजून दहा मिनिटांनी दीपमाळेचा पहिला फोटो, गडग्याला टेकून, १/१५, आयएसओ ८००. मागचं आभाळ निळं आलंय, निळं! नंतर खाडीवरून वारा सुटला आणि वरच्या ओळीतल्या पणत्या विझल्या. त्या परत लावायला आत्या चढली. तिचा हात आणि अर्धा चेहरा, खालून, १/६०, आयएसओ ३२००. दाणे आहेत, पण ज्योत पिवळी आहे आणि आत्या आत्या दिसतेय. मंडपात १/५०, एकही पट्टा नाही. वायरमनदादा, चहा पाजला, बरोबर वडाही द्यावा लागला.

चंद्राचं मात्र फसलं. डोंगरावर यायला त्याने इतका वेळ घेतला की तोवर आभाळ काळं झालं होतं. फोटोत नुसती पांढरी टिकली आहे.

जुना रोल

किती काढलेस?

खाडीपलीकडचा

सदतीस.

जुना रोल

एक जास्त झाला. चंद्राचा पुसून टाक.