मदत हवी आहे: लेवीय पुस्तक ख्रिस्ती तरुणांना कसं शिकवावं?

वाचनवही:
मंडळीच्या तरुणांच्या बायबल अभ्यासात आता लेवीय आहे. "हे जुन्या करारातलं, आपल्याला लागू नाही" म्हटलं की मुलं विचारतात, मग त्याच पुस्तकातलं 'शेजाऱ्यावर प्रीती कर' (१९:१८) लागू कसं? डुक्कर चालतं, तर प्रेषितांची कृत्ये १५ मध्ये रक्ताला मनाई का? गोव्याच्या सोरपोतेलात तर दोन्ही असतं! आणि कुणी प्रसाद दिला तर काय करावं?

तळटीप:
सगळे नियम एकाच टोपलीत टाकले की घोळ होतो. यज्ञ, अन्न आणि रक्त यांचा विचार नव्या करारात वेगवेगळ्या ठिकाणी आहे.

आधी यज्ञ. अध्याय १ ते ७ मध्ये पाच अर्पणं आहेत. होमार्पणाचं मांस सगळं जाळायचं. अन्नार्पणात सपीठ, तेल, ऊद; मीठ हवंच, खमीर आणि मध वेदीवर चालत नाही. शांत्यर्पणाची चरबी वेदीवर, ऊर आणि उजवी मांडी याजकांना, उरलेलं अर्पण करणाऱ्याच्या घरी जेवायला. उपकारस्तुतीचं असेल तर त्याच दिवशी संपवायचं. नवसाचं दुसऱ्या दिवशीही चालतं, तिसऱ्या दिवशी मात्र जाळायचं. मग पापार्पण आणि दोषार्पण.

'पाप केलं की बकरा द्यायचा' हा समज इथेच मोडून काढा. पापार्पण चुकून घडलेल्या पापासाठी आहे (४:२). मुद्दाम, उद्दामपणे केलेल्या पापाला गणना १५:३० मध्ये यज्ञाची वाटच ठेवलेली नाही. फसवणूक केली असेल तर आधी मूळ रक्कम अधिक एक पंचमांश परत, मग मेंढा. आणि ज्याला दोन पारवेही परवडत नाहीत त्याला एफाचा दहावा भाग, म्हणजे साधारण दोन लिटर सपीठ पुरतं, तेही तेल-उदाशिवाय (५:११). त्यामुळे इब्री ९:२२ ('बहुतेक सगळं रक्ताने शुद्ध होतं') शिकवताना त्यातलं 'बहुतेक' गाळू नका.

यज्ञ थांबले ते इ. स. ७० मध्ये मंदिर पडल्यामुळे, असं उत्तर मुलं देतील. यहूद्यांच्या बाबतीत ते खरं. इब्री १० चं कारण वेगळं आहे: ख्रिस्ताचं अर्पण एकदाच आणि कायमचं. मागे उरतं ते १३:१५-१६ मधलं, स्तुती आणि दानधर्म.

कोपऱ्यातला:
अन्नाबद्दल 'डुकरात जंत असतात म्हणून' हे स्पष्टीकरण नको. मग उंट आणि ससा का वर्ज्य? खूर दुभागलेले हवेत आणि रवंथ हवा; माशाला पर आणि खवले हवेत. या हिशेबाने कोळंबी, खेकडे, तिसऱ्या बाद. लेवीय ११:४४-४५ स्वतः कारण देतं: पवित्र राहा. कोकणातल्या बेने इस्राएल या यहूदी समाजाने हे अन्ननियम जपले, ते याच नात्याने.

ख्रिस्ती वाचकासाठी मार्क ७:१९ (सगळं अन्न शुद्ध) आणि रोमकरांस १४ पुरेसं आहे. प्रेषितांची कृत्ये १० मधला पेत्राच्या चादरीचा दृष्टान्त (चादरीत सगळे प्राणी, आणि 'मारून खा' अशी वाणी) एकटा वापरू नका. तिथेच १०:२८ मध्ये पेत्र त्याचा अर्थ माणसांबद्दल लावतो.

रक्त खाण्याची मनाई सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या नियमांच्या आधीची, नोहाला दिलेली (उत्पत्ती ९:४). म्हणून इथे मंडळ्यांचं एकमत नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत ६९२ च्या परिषदेचा रक्त न खाण्याचा नियम आहे. रोमन कॅथलिकांच्या फ्लॉरेन्स परिषदेने १४४२ मध्ये म्हटलं की त्या मनाईचं कारण संपलं. सोरपोतेल त्या बाजूचं. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट आजही डुक्कर खात नाहीत.

तळटीप:
१९:१८ चं राहिलं. नैतिक, विधीचे आणि न्यायव्यवस्थेचे असे तीन भाग करायची पद्धत मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्विनासपासून प्रसिद्ध आहे. सोयीची आहे, पण लेवीय स्वतः अशी लेबलं लावत नाही. पुढच्याच ओळीत दोन धाग्यांचं कापड वर्ज्य! प्रीतीची आज्ञा येशूने पुन्हा दिली (मार्क १२:३१), पौलानेही (रोमकरांस १३:९). उत्तर तिथून द्या.

वाचनवही:
आभार. आणि प्रसाद?

कोपऱ्यातला:
१ करिंथकरांस १० मध्ये तीन प्रसंग आहेत, ते वेगळे ठेवा. देवतेच्या पूजेच्या पंगतीत सहभाग: नाही (१०:२१). बाजारातलं मांस: चौकशी न करता घ्या (१०:२५). कुणाच्या घरी जेवण: वाढलेलं खा, पण कुणी 'हे देवाला वाहिलेलं आहे' असं सांगितलं तर नको (१०:२८), तेही सांगणाऱ्याच्या विवेकासाठी. प्रसाद बहुधा सांगूनच दिला जातो, म्हणून बरेच पाळक २८ वी ओवी लावतात. नाकारायचं तर हात जोडून, नम्रपणे; त्यावर वाद घालत बसू नये. खाटकाच्या दुकानातलं हलाल मांस मला २५ व्या ओवीत बसतं असं वाटतं, पण यावर मंडळ्यांमध्ये मतभेद आहेत. तुमच्या पाळकांना आधी विचारून ठेवा.