एडीएचडीची खासगी तपासणी आणि गोळीचा डोस बसवणं: अनुभव हवेत

उशिराचा_गजर:
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. मुद्द्यावर यायला मला वेळ लागतो आणि अडचणही तीच आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

वय ३७. लहानपणापासून 'हुशार पण धांदरट' हा शिक्का. मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोनदा दाराला बाहेरून किल्ली तशीच लटकत ठेवून कामावर गेले. दुसऱ्या खेपेला शेजारच्या काकूंनी ती काढून ठेवली, संध्याकाळी हातात दिली आणि एक शब्द बोलल्या नाहीत. त्या रात्री ठरवलं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, चंचलपणा यांचा विकार) आहे का ते तपासून घ्यायचंच. सरकारी रुग्णालयात फार लांबची तारीख मिळत होती म्हणून खासगीत गेले. तिथे सहा प्रश्नांचा एक फॉर्म भरून घेतला, पंधरा मिनिटं बोलणं झालं आणि मिथाइलफेनिडेटच्या (एडीएचडीचं उत्तेजक औषध) दिवसभर चालणाऱ्या गोळीची चिठ्ठी हातात. १८ मिलिग्रॅम, महिन्याने या. आज पाचवा दिवस. पहिल्या दिवशी डोकं लख्ख वाटलं, आता काहीच नाही.

प्रश्न दोन. याला तपासणी म्हणायचं का? आणि दोन गोळ्या घेऊन बघू का?

मधला_बाक:
हल्ली ज्याला त्याला एडीएचडी. आमच्या वेळी याला आळस म्हणत.

टिपणवही:
वरच्या प्रतिसादाकडे दुर्लक्ष करा ताई. आळशी माणूस किल्ली दाराला विसरत नाही, तो घराबाहेरच पडत नाही.

दोन गोळ्या नका घेऊ, आधी ते. आता पहिला प्रश्न. तो सहा प्रश्नांचा फॉर्म बहुतेक जागतिक आरोग्य संघटनेचा एएसआरएस असणार. ती चाळणी आहे. चाळणीत अडकलात म्हणजे पुढे नीट बघायला हवं, एवढाच त्याचा अर्थ. निदान त्यावर होत नाही.

माझी तपासणी दोन बैठकांत झाली, मिळून तीनेक तास. त्यात 'दिवा-५' नावाची मुलाखत होती (डच नावाची आद्याक्षरं जोडून झालेलं नाव आहे, पण मला कोणीतरी दिवा लावतंय असंच वाटत होतं). डीएसएम-५ (अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची निदानपुस्तिका) मधली अठराच्या अठरा लक्षणं एकेक करून विचारतात, प्रत्येक दोनदा: आत्ता कसं आहे आणि लहानपणी कसं होतं. मोठ्या माणसात दुर्लक्षाच्या किंवा चंचलपणाच्या नऊपैकी निदान पाच खुणा लागतात, मुलांत सहा. शिवाय त्यातल्या काही बाराव्या वर्षाआधी दिसलेल्या हव्यात, आणि घर, काम, नातीगोती यांतल्या एकाहून जास्त ठिकाणी त्रास हवा. २०१३ आधीच्या आवृत्तीत बाराऐवजी सात वर्षं होती, त्यामुळे आपल्या वयाची बरीच मंडळी तेव्हा सुटली.

लहानपणाचा पुरावा कुठून आणायचा म्हणून मी हताश होते. आईने माळ्यावरून प्रगतिपुस्तकं काढली. पाचवीच्या पानावर बाईंच्या तिरप्या अक्षरात शेरा: 'उत्तर येते, प्रश्न पूर्ण वाचत नाही.' डॉक्टरांनी त्याचा फोटो काढून फाइलला लावला. आईलाही अर्धा तास फोनवर प्रश्न विचारले. तुमच्याकडे असं काही असेल तर घेऊन जा. नसेल तरी अडत नाही, लहानपणी पाहिलेलं कोणीही माणूस चालतं.

नाडी_बघणारा:
मी फिजिशियन आहे, मनोविकारतज्ज्ञ नाही, तेवढं धरून वाचा. ताई, गोळी सुरू करण्याआधी तुमचं बीपी, नाडी आणि वजन कोणी घेतलं का? घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं का, तुम्हाला कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली का, हे विचारलं का? मिथाइलफेनिडेटने नाडी आणि बीपी थोडं वाढतं. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही, पण सुरुवातीचा आकडाच नसेल तर वाढलं किती हे कशावरून ठरवणार? ईसीजी सगळ्यांना लागत नाही, प्रश्न मात्र सगळ्यांना विचारायचे असतात. काचबिंदू, पूर्वीचं नैराश्य, उन्मादाचे झटके, चालू असलेली इतर औषधं, हेही त्यातच.

आणखी एक. थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, दीर्घकाळची चिंता, या सगळ्यांत माणूस विसरभोळा होतो. पंधरा मिनिटांत हे बाजूला काढता येत नाही. तुम्हाला एडीएचडी नाही असं मी म्हणत नाही. बघितलंच गेलेलं नाही, असं म्हणतोय.

उशिराचा_गजर:
बीपी कोणीच घेतलं नाही. काका ४१व्या वर्षी झोपेतच गेले होते, ते सांगायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. विचारलंही नव्हतं.

नाडी_बघणारा:
मग आधी मनोविकारतज्ज्ञांना फोन करून हे सांगा. आजच. ते सांगतील ते करा, ईसीजी होईपर्यंत थांबा म्हणाले तर थांबा. काळजीचं कारण असेलच असं नाही, पण हे न सांगता दुप्पट गोळी तर अजिबात नको.

सुसाट:
मी तर माझं मीच वाढवलं होतं. वजन ८८, म्हटलं लहान मुलांचा डोस मला काय पुरणार.

टिपणवही:
दादा, मोठ्यांमध्ये मिथाइलफेनिडेटचा डोस वजनावर ठरत नाही. नव्वद किलोच्या माणसाला १८ पुरतात आणि पन्नास किलोच्या बाईला ५४ लागतात, असं होऊ शकतं. वजनाचा हिशोब ॲटोमॉक्सेटिनला (एडीएचडीचंच दुसरं, उत्तेजक नसलेलं औषध) असतो, तोही मुलांत. आणि मनाने दुप्पट केलंत की पंधराव्या दिवशी डबी रिकामी. हे औषध मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांवरच्या १९७१च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात दुसऱ्या अनुसूचीत आहे, दुकानदार पुढची चिठ्ठी आल्याशिवाय हात लावत नाही. मग मधले पंधरा दिवस काय करणार?

सुसाट:
नेमकं तेच झालं होतं :)

चौथी_चावी:
डोसबद्दल मी लिहिते, कारण यात माझे चार महिने गेले आणि त्यातले दोन निव्वळ माझ्या गैरसमजामुळे.

मला वाटायचं गोळी 'जाणवली' पाहिजे. पहिल्या दिवशी जे लख्ख वाटतं ना, ते काही औषधाचं काम नव्हे. ती नवलाई. ती ओसरली की आपण म्हणतो उतरलं, वाढवा. माझा डोस खरा बसला तेव्हा मला काहीच जाणवलं नव्हतं. नवरा म्हणाला, "आज तू माझं वाक्य पुरं होऊ दिलंस." त्यामुळे आपल्यापेक्षा शेजारी बसणाऱ्याला विचारा.

साधारण रीत अशी: कमीत कमी डोसने सुरुवात, निदान आठवडाभर तोच, मग एक पायरी वर. तुमच्या प्रकारच्या गोळीत पायरी १८ची. दर पायरीला बीपी, नाडी, वजन. त्या काळात दुसरं काही बदलायचं नाही. मी त्याच आठवड्यात कॉफी सोडली, दोन दिवस डोकं ठणकलं आणि खापर गोळीवर फोडलं.

वहीत रोज चारच गोष्टी लिहायच्या: किती वाजता घेतली, एक ठरलेलं कंटाळवाणं काम (माझं, हिशोबाचे मेल) सुरू करायला किती वेळ लागला, संध्याकाळी उतरताना कसं वाटलं, झोप कधी लागली. उतरतानाची वेळ महत्त्वाची. सहाच्या सुमारास मी पोरांवर ओरडायला लागायचे. डॉक्टरांनी वही पाहून सांगितलं की डोस जास्त नाही, तो झपकन उतरतोय. तेव्हा डोस न वाढवता प्रकार बदलला. कमी वेळाची गोळी तीन-चार तास टिकते, दिवसभराची दहा-बारा, आणि प्रत्येकाच्या अंगात हा आकडा थोडा इकडेतिकडे होतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात मला गोळी अर्धीच लागू पडते असं वाटतं, तेही वहीतच दिसलं.

जास्त झाल्याच्या खुणा: छाती धडधडणं, दात आवळले जाणं, आणि एक सांगायला अवघड, माणूस सपाट होतो. काम भराभर होतं पण हसू येत नाही. असं झालं की पायरी खाली, त्यात हार नाही.

सावकाश_चाल:
माझ्या बीपीमुळे उत्तेजक औषध दिलंच नाही. ॲटोमॉक्सेटिनवर आहे. सुरुवातीला मळमळ, तोंड कोरडं, लघवीला वेळ. खाऊन घेतलं की मळमळ कमी. परिणाम दिसायला सहावा आठवडा उजाडला, तिसऱ्या आठवड्यात मी सोडायच्या बेतात होतो. पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन (नैराश्यावरची औषधं) घेत असाल तर आवर्जून सांगा, त्यांनी याची रक्तातली पातळी बरीच चढते.

उशिराचा_गजर:
दोन महिन्यांनी अपडेट. (गजर लावला होता म्हणून आठवलं.)

गोळी थांबवायला सांगितली, ईसीजी ठीक आला. दुसरीकडे नीट तपासणी करून घेतली. यावेळी फोनवरच विचारून घेतलं: किती वेळ देणार, घरच्या माणसाशी बोलणार का, लेखी अहवाल देणार का, आणि डोस बसेपर्यंत तुम्हीच बघणार की चिठ्ठी देऊन मोकळे. एका ठिकाणी शेवटच्या प्रश्नावर नुसतं "बघू" म्हणाले, तिथे गेले नाही.

निदान झालं, दुर्लक्षाचा प्रकार. सोबत चिंताही आहे. १८ वरून ३६, मग ५४. ५४वर सपाट म्हणजे काय ते कळलं: भाचीने नाचून दाखवलं आणि मी "छान" म्हणून लॅपटॉपकडे वळले. तिचा चेहरा पाहून त्याच संध्याकाळी डॉक्टरांना कळवलं. आता परत ३६वर. किल्ली अजून एकदा विसरले, पण पायऱ्या उतरतानाच आठवलं.

एक लाजिरवाणा प्रश्न. सकाळी शौचाला गोळी जशीच्या तशी पडलेली दिसली. म्हणजे लागूच पडत नाही का?

नाडी_बघणारा:
लागू पडते. ते रिकामं कवच असतं. आत पाणी शिरून औषध बारीक छिद्रातून हळूहळू बाहेर ढकललं जातं आणि कवच तसंच निघून जातं. म्हणूनच ती गोळी तोडायचीही नाही आणि चावायचीही नाही.

उशिराचा_गजर:
हुश्श. चार दिवस कोणाला विचारावं कळत नव्हतं.

सुसाट:
मीपण. विचारायची हिंमत नव्हती फक्त.