सासऱ्यांच्या निधनानंतर मुलीने विचारलेला प्रश्न : ख्रिस्ती शास्त्राप्रमाणे नरक म्हणजे नेमके काय?

शरणपूरची लेक :

माझे माहेर शरणपूर रस्त्यावरचे, चार पिढ्यांपासूनचे ख्रिस्ती, आणि सासर पंचवटीतले हिंदू कुटुंब. चौदा वर्षांच्या संसारात माझ्या उपासनेच्या आड कोणी आले नाही. उलट रविवारी रिक्षा मिळाली नाही तर सासरे स्वतः मला स्कूटरवरून चर्चच्या फाटकापर्यंत सोडत आणि उपासना संपेपर्यंत बाहेर झाडाखाली वर्तमानपत्र वाचत बसत. गेल्या महिन्यात ते वारले. अस्थी रामकुंडात विसर्जित झाल्या, तेराव्यापर्यंतचे सर्व विधी झाले आणि सून म्हणून जे करायचे ते मीही केले.

त्यानंतरच्या रविवारी माझी नऊ वर्षांची मुलगी संडे स्कूलमधून गप्प होऊन घरी आली. शिकवणाऱ्यांनी त्या दिवशी नरकाचा विषय घेतला होता. फळ्यावर मोठी कढई, खाली जाळ आणि आत माणसे असे चित्र काढून, येशूला न मानणारे सगळे तेथे जातात, असे मुलांना सांगितले होते. रात्री झोपताना तिने विचारले, "आई, आजोबा आता त्या कढईत आहेत का?" मी तिला जवळ घेतले, पण उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हते.

मला धीर हवा आहे, पण त्याआधी खरे काय ते हवे आहे. नरकाविषयी पवित्र शास्त्र स्वतः काय म्हणते आणि त्यात नंतर कोणी काय मिसळले? ती आग खरोखरची आहे का? ती शिक्षा कधी संपते का? आणि अमुक एक माणूस तेथे गेला, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे, आणि आपण कोणत्या मंडळीचे तेही सांगावे, म्हणजे मला नीट समजेल.

शब्दांचा वाटसरू :

ताई, मी प्रॉटेस्टंट आहे आणि ग्रीक थोडेफार शिकलो आहे. प्रथम त्या कढईविषयी लिहितो, कारण मुलीच्या मनातून ती आधी उतरली पाहिजे. ती कढई पवित्र शास्त्रात कोठेही नाही. पाप्याला उकळत्या तेलात टाकणे ही कुंभीपाकाची कल्पना आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधात जे २८ नरक सांगितले आहेत त्यांतला तो एक. पौराणिक चित्रांतून ती मराठी माणसाच्या नजरेत, मग तो ख्रिस्ती का असेना, इतकी पक्की बसली आहे की फळ्यावर खडू टेकताच हात आपोआप तिकडेच वळतो. शिवाय पुराणांतला नरक मुदतीचा असतो. भोग संपले की जीव पुढच्या जन्माला जातो. भाषांतरकारांनी 'नरक' हा शब्द घेतला तेव्हा हा सगळा संसार त्या शब्दाबरोबर आला, आणि मूळच्या शब्दांचा अर्थ त्याखाली झाकला गेला.

मूळचे शब्द एकाहून अधिक आहेत. जुन्या करारात हिब्रू 'शिओल' हा शब्द ६५ वेळा येतो. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात त्याला 'अधोलोक' म्हटले आहे. तेथे बरे-वाईट सगळेच मेलेले जातात. योसेफ मेला असे समजून शोक करणारा याकोब म्हणतो की, मी शोक करीतच माझ्या मुलाकडे अधोलोकात उतरेन; त्याला काही आपला मुलगा पापी वाटत नव्हता. नव्या करारातला ग्रीक 'हेडीस' बहुतेक ठिकाणी याच अर्थाचा आहे. येशूने सांगितलेल्या श्रीमंत मनुष्य आणि गरीब लाजर यांच्या गोष्टीत श्रीमंताला यातना होतात खऱ्या, पण तो ज्या ठिकाणी आहे त्यालाही मूळ ग्रीकमध्ये हेडीसच म्हटले आहे, आणि ती स्थिती शेवटच्या न्यायाच्या आधीची आहे.

आपण ज्याला नरक म्हणतो तो शब्द 'गेहेन्ना'. हे एका खऱ्या जागेचे नाव आहे : जुन्या यरुशलेमेच्या दक्षिणेकडची हिन्नोमची दरी. तेथे तोफेथ नावाच्या ठिकाणी लोक स्वतःच्या मुलांना अग्नीत अर्पण करीत, म्हणून यिर्मया संदेष्ट्याने त्या दरीवर शाप उच्चारला आणि योशिया राजाने ते ठिकाण भ्रष्ट करून टाकले. (तेथे शहराचा कचरा सतत जळत असे, ही गोष्ट आपण अनेक प्रवचनांत ऐकतो, परंतु ती प्रथम सापडते ती इसवी सन १२०० च्या सुमारास, दाविद किम्ही या यहुदी भाष्यकाराच्या लेखनात, आणि उत्खननातून तिला आधार मिळालेला नाही. यिर्मयाचे कारण त्याहून कितीतरी भयंकर आहे, त्यामुळे कचऱ्याची गरजही पडत नाही.) लेकरांना जाळण्याच्या जागेचे नाव देवाच्या न्यायाला मिळाले आणि आज त्याच नावाने एका लेकराला भिववले गेले, हे वाचून मला फार वाईट वाटले.

आता मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते. 'गेहेन्ना' हा शब्द नव्या करारात १२ वेळा येतो. एकदा याकोबाच्या पत्रात आणि ११ वेळा येशूच्या तोंडी. ते ११ प्रसंग एकापुढे एक ठेवून कोणाला उद्देशून हे शब्द आहेत ते पाहावे : प्रत्येक वेळी एकतर स्वतःचे शिष्य समोर आहेत किंवा शास्त्री-परूशी, म्हणजे यहुद्यांचे धर्मपंडित व कर्मठ धर्मपुढारी. भावाला मूर्ख म्हणणाऱ्याला, वाईट नजरेने पाहणाऱ्याला, लहानांना अडखळविणाऱ्याला, धर्माचे अवडंबर माजविणाऱ्याला हा इशारा आहे. परराष्ट्रीयांकडे बोट दाखवून येशूने हा शब्द एकदाही वापरलेला नाही. उलट, एका रोमी शताधिपतीचा विश्वास पाहून तो म्हणतो की, पूर्वेकडून व पश्चिमेकडून पुष्कळ जण येऊन अब्राहामाच्या पंक्तीला बसतील आणि राज्याचे पुत्र मात्र बाहेरच्या अंधारात टाकले जातील. ज्या धड्याने घरातल्यांनी घाबरायचे, तो धडा शेजाऱ्यांना भिववण्यासाठी वापरला की त्याची दिशाच उलटी होते.

आगीविषयी थोडक्यात सांगतो. एकाच शुभवर्तमानात अग्नीही आहे आणि बाहेरचा अंधारही. जेथे धगधगता अग्नी तेथे गडद अंधार कसा, म्हणून कॅल्व्हिनसारख्या कठोर समजल्या जाणाऱ्या सुधारकानेही हे शब्द रूपकात्मक मानले. मात्र रूपक आहे म्हणजे शिक्षा सौम्य आहे, असा त्याचा अर्थ तो घेत नव्हता.

बाळ येशूच्या सावलीत :

मी नाशिकरोडचा कॅथलिक. ताई, तुमच्या चौथ्या प्रश्नाला आमच्या चर्चच्या शिकवणीत अगदी स्पष्ट उत्तर आहे. चर्च संतपद जाहीर करते, म्हणजे अमुक व्यक्ती स्वर्गात आहे असे अधिकृतपणे सांगते. परंतु अमुक व्यक्ती नरकात आहे असे तिने आजवर कोणाचेही नाव घेऊन जाहीर केलेले नाही, येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतचेसुद्धा नाही. जे दोन हजार वर्षांत कोणत्याही पोपने केले नाही, ते फळ्यासमोर उभे राहून कोणी करू नये.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात नरक आहे आणि तो चिरकालिक आहे, हे ठामपणे म्हटले आहे. त्याबाबत आम्ही काही सौम्य करीत नाही. पण त्याच ठिकाणी नरकाची मुख्य शिक्षा म्हणून देवापासूनचा कायमचा वियोग सांगितला आहे, आणि देव कोणालाही नरकासाठी आधीच नेमून ठेवत नाही, माणूस जाणूनबुजून देवाकडे पाठ फिरवून शेवटपर्यंत तसाच राहिला तरच तेथे पोहोचतो, असे पुढे स्पष्ट केले आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २८ जुलै १९९९ रोजीच्या धर्मशिक्षणात म्हटले होते की नरक हे एखाद्या ठिकाणापेक्षा, देवापासून स्वेच्छेने तुटलेल्या माणसाची अवस्था आहे. पूर्वीचे पंडित नरकयातनेचे दोन भाग करीत, देव गमावल्याचे दुःख आणि इंद्रियांना होणारी पीडा, आणि त्यांत पहिले दुःख मोठे मानीत. कढईच्या चित्रात ते पहिले दुःख कोठेच दिसत नाही.

तुमच्या सासऱ्यांसारख्या माणसांविषयी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली लिहून ठेवले आहे की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची सुवार्ता कळलेली नाही, परंतु जे प्रामाणिक मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीला कळेल तसे त्याच्या कृपेने वागतात, त्यांनाही तारण मिळू शकते. 'मिळू शकते' हे शब्द जपून वापरलेले आहेत. ते आश्वासन नाही, पण दारही बंद केलेले नाही.

वचनाचा विद्यार्थी :

वरील दोन्ही उत्तरे मी आदराने वाचली. मी सुवार्ताप्रसारक मंडळीतला आहे आणि माझी भीती अशी आहे की, एका चुकीच्या चित्राला उत्तर देता देता आपण मूळ इशाराच पुसून टाकू. मत्तयाच्या २५ व्या अध्यायाच्या शेवटी सार्वकालिक शिक्षा आणि सार्वकालिक जीवन या दोहोंसाठी एकच ग्रीक विशेषण आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने हाच मुद्दा मांडला होता : एका बाजूला त्याचा अर्थ 'काही काळ' असा घेतला, तर दुसऱ्या बाजूचे जीवनही काही काळचेच ठरते. अखेर सगळेच देवाकडे परत येतील, असे तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती धर्मपंडिताने सुचविले. पण त्याच्या नावाने चाललेल्या मतांचा इसवी सन ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या काळात निषेध झाला. पवित्र शास्त्रात ज्या विषयावर येशू स्वतः इतक्या वेळा बोलला, तो विषय आपल्याला अवघड वाटतो म्हणून बाजूला ठेवता येत नाही, आणि तारण ख्रिस्ताशिवाय दुसऱ्या कोणाच्या द्वारे नाही, हेही मी मनापासून मानतो.

तरीही ताई, शिकवणाऱ्यांचे चुकलेच. लूकच्या १२ व्या अध्यायात येशू सांगतो की, धन्याची इच्छा माहीत असूनही न वागणाऱ्या चाकराला पुष्कळ फटके बसतील आणि माहीत नसलेल्याला थोडे. म्हणजे न्याय सरसकट नाही, तो जाणिवेप्रमाणे आहे. एखाद्याच्या अखेरच्या श्वासात त्याच्या आणि देवाच्या मध्ये काय घडले, ते आपल्याला दिसत नाही. सदोमासाठी रदबदली करताना अब्राहामाने देवाला विचारले होते की, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? तुमच्या सासऱ्यांविषयी माझ्याजवळ यापलीकडे शब्द नाहीत आणि ते असावेत असेही मला वाटत नाही.

शरणपूरची लेक :

तिघांचेही मनापासून आभार. ते ११ प्रसंग मी काल रात्री एकेक करून वाचले. मत्तयाच्या १० व्या अध्यायात एक वाक्य अडले : आत्मा व शरीर या दोघांचा नरकात नाश करू शकणाऱ्याची भीती बाळगा. नाश झाला तर मग यातना कोणाला? 'पापाचे वेतन मरण आहे' हेही मी लहानपणापासून पाठ म्हणत आले आहे, पण त्याकडे अशा नजरेने कधी पाहिले नव्हते.

शब्दांचा वाटसरू :

हाच प्रश्न धरून उभे राहिलेले एक मत आहे. त्याप्रमाणे अमरत्व माणसाच्या स्वभावातच नसते, ती देवाची देणगी आहे. जो ती नाकारतो तो न्यायानंतर अग्नीत संपून जातो, अनंतकाळ जळत राहत नाही. चिरकालिक असतो तो परिणाम. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळी हेच शिकवते. इंग्लंडमधले जॉन स्टॉट यांनी १९८८ साली हे मत आपल्याला पटण्याजोगे वाटते असे लिहिले तेव्हा सुवार्तिक मंडळ्यांत मोठी खळबळ झाली, कारण त्यांच्या शास्त्रनिष्ठेविषयी कोणाला शंका नव्हती. 'वचनाचा विद्यार्थी' यांचा सार्वकालिक शब्दाचा मुद्दा या मतापुढची खरी अडचण आहे, तसेच प्रकटीकरणाच्या २० व्या अध्यायातले 'रात्रंदिवस पीडा' हे शब्दही. त्याच अध्यायात अग्निसरोवराला 'दुसरे मरण' म्हटले आहे, म्हणून वाद मिटत नाही. मी स्वतः या मताकडे झुकतो.

पूर्वेकडच्या परंपरेतला एक विचार मात्र मला सर्वांत जास्त भिववतो. सातव्या शतकातला ख्रिस्ती साधू, निनवेचा इसहाक म्हणतो की, नरकातल्या लोकांना प्रीतीचेच फटके बसतात; ज्या प्रीतीशी आपण अपराध केला ती समोर दिसत राहते, आणि तिच्याहून तीव्र वेदना नाही.

शरणपूरची लेक :

मुलीला मी सांगितले की कढई पवित्र शास्त्रात नाही. तिने लगेच विचारले, "मग आजोबा कुठे आहेत?" मी म्हटले, देवाच्या हाती आहेत, आणि तो त्यांना आपल्या दोघींपेक्षा जास्त ओळखतो. त्यावर ती म्हणाली की, त्यांनी तुला रोज सोडले ते त्याने पाहिले असेल. 'रोज' नव्हे, रविवारी, असे मी दुरुस्त केले नाही. शिकवणाऱ्यांशी मी या रविवारी शांतपणे बोलणार आहे. त्या मनाने वाईट नाहीत.

एक शेवटचे विचारते. आमच्या मंडळीत मेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याचा प्रघात नाही. २ नोव्हेंबरला कॅथलिक लोक मृतांसाठी प्रार्थना करतात, त्या दिवशी सासऱ्यांच्या नावाने मिस्सा, म्हणजे त्यांची प्रभुभोजनाची उपासना, अर्पण करता येईल का? ते बाप्तिस्मा घेतलेले नव्हते.

बाळ येशूच्या सावलीत :

येईल. १९८३ च्या आमच्या धर्मविधिसंहितेच्या ९०१ व्या कलमाप्रमाणे धर्मगुरूला जिवंत वा मृत अशा कोणासाठीही मिस्सा अर्पण करण्याची मोकळीक आहे. त्यात बाप्तिस्म्याची अट नाही. त्या दिवशी नावे पुष्कळ असतात, म्हणून आठवडाभर आधी येऊन सासऱ्यांचे नाव कचेरीत लिहून द्यावे, आणि मुलीला बरोबर आणावे.