यादीतले नाव शोधताना: जनमत सर्वेक्षणातील उन्हाळी इंटर्नशिपचे अनुभव

नीराकाठ

माझ्या भाचीची मे-जूनसाठी एका जनमत संशोधन संस्थेत इंटर्न म्हणून निवड झाली आहे. काल तिने विचारले, की यादीतला माणूस घरी नसेल तर शेजारच्या घरी प्रश्नावली भरून घेतली तर चालते का. हे ऐकून मला २००४ चा उन्हाळा आठवला. तेव्हा मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी होते आणि लोकसभेच्या मतदानानंतरच्या पाहणीसाठी पुणे जिल्ह्यातल्या गावांत हिंडत होते. दिल्लीच्या सीएसडीएस या समाजशास्त्रीय संशोधन संस्थेने १९९७ मध्ये लोकनीती हा निवडणूक-अभ्यासाचा कार्यक्रम सुरू केल्यापासून राज्याराज्यांतील विद्यार्थी असे घरोघर जाऊन मुलाखती घेत आले आहेत. महाराष्ट्रात राज्यशास्त्राचे अभ्यासक प्रा. सुहास पळशीकर आणि प्रा. राजेश्वरी देशपांडे यांच्यामुळे या कामाला पुण्यात भक्कम आधार मिळाला.

आधी मतदारसंघ निवडायचे, मग त्यांतली मतदान केंद्रे, आणि शेवटी त्या केंद्राच्या मतदार यादीतून ठरावीक अंतराने नावे, अशी पद्धत होती. यादीत हजार नावे असतील आणि पंचवीस हवी असतील, तर चिठ्ठीने निघालेल्या नावापासून दर चाळिसावे नाव घ्यायचे. त्यात आपली आवडनिवड कोठेही शिरू द्यायची नाही, आणि नाव निघाले की त्याच माणसाला गाठायचे. एका वस्तीवरची शेतमजूर बाई पहाटे कामावर जात असे, म्हणून आम्ही दिवेलागणीला तिच्याकडे पुन्हा गेलो. घरातले पुरुष पुढे होऊन उत्तरे देऊ लागले, तेव्हा माझ्या हातातल्या कागदावरचे आपले नाव तिने मला दोनदा वाचायला लावले आणि म्हणाली, "माझंच नाव हाय न्हवं? मग मीच सांगते." त्यानंतर तिने एकही प्रश्न सोडला नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरे, पण ते शीत पातेल्याच्या तळाचेही असायला हवे, हे मला त्या संध्याकाळी पटले.

ज्यांनी असे काम केले असेल, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. भाचीला हा धागा वाचायला देणार आहे.

वाडा_तालुका

आमच्याकडे पाडेच्या पाडे उन्हाळ्यात रिकामे असतात. माणसे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. आमच्या यादीतल्या कितीतरी नावांपुढे "भट्टीवर" एवढेच लिहावे लागले. प्रश्नावलीच्या सोबत मुलाखत का झाली नाही याचे कारण नोंदवण्याचा तक्ता असतो. नवीन मुले तो शेवटी घाईने भरतात, परंतु माझ्या मते तो मुलाखतीइतक्याच काळजीने भरायला हवा, कारण जे भेटले नाहीत ते नेमके कोण होते हे फक्त त्याच कागदावरून कळते. शेजाऱ्याची मुलाखत घेतली तर आकडा पूर्ण दिसतो, मात्र गावात राहू शकणाऱ्यांचेच मत पुन्हा एकदा मोजले जाते.

राजापूरकर

कोकणात याच्या उलट घडते. यादीतली अर्धी माणसे मुंबईला असतात, पण मे महिन्यात चाकरमानी घरी येतात आणि दारे उघडी सापडतात. आम्हांला प्रत्येक घरी कोकम सरबत मिळाले आणि एका आजोबांनी आधी आंबे खायला लावून मगच मुलाखत दिली.

वाडा_तालुका

राजापूरकर, आपल्याकडची माणसे निदान आंब्याला तरी परततात. आमच्या लोकांना आगाऊ उचल फिटेपर्यंत हलता येत नाही.

राजापूरकर

खरे आहे. हे वाचून वाईट वाटले.

सोलापुरी_चादर

नीराकाठताई, मतपेटीविषयी आपण लिहिले नाहीत म्हणून मी लिहितो. मत कोणाला दिले हा प्रश्न आम्ही तोंडी विचारत नसू. पक्षांची चिन्हे छापलेली नमुना मतपत्रिका हातात द्यायची, आपण पाठ फिरवायची, आणि उत्तरदात्याने खूण करून, घडी घालून ती आमच्याजवळच्या छोट्या पेटीत टाकायची. गावातला एखादा पुढारी मुलाखत ऐकायला येऊन बसे आणि त्याला कसे उठवावे हे कळत नसे, अशा वेळी ही पेटी फार उपयोगी पडली. बोलताना चाचरणारा माणूसही पेटीपाशी मोकळा होत असे.

तक्तेवाली

मी उन्हाळाभर दिल्लीत एका संस्थेच्या कचेरीत बसून आलेल्या प्रश्नावल्या तपासत होते. गावोगाव फिरणाऱ्यांना हे काम कंटाळवाणे वाटेल, पण मला तेथे फार शिकायला मिळाले. "सर्वांत मोठा प्रश्न कोणता?" याला लोक स्वतःच्या शब्दांत उत्तर देतात आणि त्या प्रत्येक उत्तराला आकडा द्यावा लागतो. "विहीर आटली" हे पाण्यात घालायचे की शेतीत, यावर आमचा दुपारभर वाद चाले. स्त्रियांच्या प्रश्नावल्यांत "सांगता येत नाही" हे उत्तर पुरुषांपेक्षा पुष्कळ अधिक असे. त्याला अज्ञान समजणे हा अन्याय आहे, कारण सासू शेजारी बसलेली असताना काही न सांगणे हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय असू शकतो. म्हणून हे उत्तर वगळून टक्केवारी काढण्याला माझा आजही विरोध आहे.

एका मुलाच्या सगळ्या प्रश्नावल्यांत खुणा एकाच ओळीत खाली उतरत गेलेल्या सापडल्या. पर्यवेक्षकांनी त्या गावात जाऊन विचारणा केली, तेव्हा तो तेथे गेलाच नसल्याचे कळले. त्याची सगळी पाने बाद झाली आणि ते योग्यच झाले.

सातासमुद्रापार

मी अमेरिकेत शिकत असताना एका विद्यापीठाच्या सर्वेक्षण केंद्रात उन्हाळ्यात फोनवर मुलाखती घेत असे. पहिल्याच दिवशी आम्हांला १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट सांगितली गेली. 'लिटररी डायजेस्ट' या नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या, आणि तरीही त्यांचा निष्कर्ष लँडन जिंकतील असा निघाला. रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्ये जिंकली. जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण विचारपूर्वक निवडलेल्या नमुन्यावरून, म्हणजे निवडक माणसांना विचारून, विजेता बरोबर सांगितला होता.

फोन उचलणाऱ्याशीच बोलायचे नाही, तर घरातील ज्या प्रौढ व्यक्तीचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला असेल तिला बोलवायचे, असा आमचा नियम होता. मात्र फोन उचलणारेच आता दुर्मीळ झाले आहेत. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेच्या फोन सर्वेक्षणांना १९९७ मध्ये ३६ टक्के प्रतिसाद मिळत होता, तो २०१८ मध्ये ६ टक्क्यांवर आला. त्यामुळे दारात उभे राहून बोलण्याची आपल्याकडची पद्धत किती मोलाची आहे हे मला परदेशात राहून उमगले.

शंकेखोर

सर्वांचे कष्ट मान्य आहेत, पण २००४ मध्ये आणि २०२४ मध्येही निकालाआधी दाखवलेले अंदाज चुकले. मग या मेहनतीचा उपयोग काय?

तक्तेवाली

रास्त प्रश्न आहे. मतांची टक्केवारी मोजणे आणि तिच्यावरून जागा सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. तिरंगी-चौरंगी लढतीत दोन टक्के मते इकडची तिकडे झाली की जागांचे गणित पार बदलते, आणि हजार जणांच्या चांगल्या नमुन्यातही सुमारे तीन टक्के इकडेतिकडे होतेच. ही चूक निम्मी करायची तर नमुना चौपट करावा लागतो. दूरचित्रवाणीवर जागांचीच चर्चा होते, परंतु कोणत्या शेतकऱ्याने, कोणत्या वयाच्या मुलीने, कोणत्या कारणाने मत दिले, हे समजून घ्यायला अशा पाहण्यांसारखे दुसरे साधन आपल्यापाशी नाही. मला तरी त्यासाठी हे कष्ट सार्थ वाटतात.

मुलीची_आई

माझी मुलगी याच वर्षी जाणार आहे. ऊन, अनोळखी घरे आणि एकटी मुलगी यांची काळजी वाटते. मानधन मिळते का?

नीराकाठ

ताई, काळजी रास्त आहे. आम्हांला दोघादोघांच्या जोड्यांनी पाठवत आणि गावात शिरल्यावर आधी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना संस्थेचे पत्र दाखवायला सांगत. सकाळी लवकर आणि संध्याकाळी काम करावे. दुपारी माणसेही भेटत नाहीत. प्रवासखर्च आणि मानधन किती व केव्हा मिळणार, हे निघण्याआधी लेखी घ्यावे, कारण एका ठिकाणी आमच्या मैत्रिणींना त्यासाठी दिवाळीपर्यंत थांबावे लागले होते.

सोलापुरी_चादर

यात एक भर घालतो. पाहणीचा खर्च कोण करत आहे आणि लोकांची नावे उत्तरांपासून वेगळी ठेवली जाणार आहेत का, हे तिने प्रशिक्षणाच्या दिवशीच विचारावे. दारात उभे राहिल्यावर लोक तिला हे दोन प्रश्न सर्वांत आधी विचारतील आणि तेव्हा तिला खरे उत्तर देता आले पाहिजे.